प्रश्न विचारणारा दुकानदार



कवीला नभोवाणीवर बोलावले की तो पावसावर बोलणार, असे सगळे धरून चालतात. मीही पावसापासूनच सुरुवात करतो. फक्त माझ्या पावसात मोर नाही, पुनावळ्याचा भुयारी मार्ग आहे.

२०२५ सालच्या जुलैतला एक शुक्रवार. सकाळचे सव्वाआठ. मुंबई-बंगळूर महामार्गाखालच्या त्या बोळकांडीत दोन्ही बाजूंनी गाड्या शिरल्या होत्या, वरून पाणी ठिबकत होते आणि बरोबर मधोमध माझी १९९३ सालची मारुती ८०० दोन आचके देऊन बंद पडली. मागच्या सीटवर माझी अम्मा होती. वय ८१. मंगळवारी आणि शुक्रवारी तिचे डायलिसिस असते, चिंचवडच्या एका रुग्णालयात, सकाळी नऊला. तिच्यानंतर त्याच यंत्रावर दुसऱ्याचा नंबर असतो. त्यामुळे आपल्याला उशीर झाला, की तेवढी मिनिटे आपल्याच वेळेतून वजा होतात.

स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. शेवटी सामान पोचवणाऱ्या दोन पोरांनी आपल्या मोटारसायकली बाजूला लावल्या आणि गाडी ढकलत बाहेर काढून दिली. कडेला थांबलो. वीस मिनिटांनी सहज चावी फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू! जणू काही घडलेच नव्हते. अम्मा म्हणाली, "गाडी भी मेरे सरीकी थक गई क्या रे?"

त्या दिवशी तिच्या चार तासांतली पस्तीस मिनिटे गेली. हे भाषण त्या पस्तीस मिनिटांबद्दल आहे, आणि मुठीएवढ्या एका वस्तूबद्दल. तिला गॅरेजच्या भाषेत कॉइल म्हणतात. इग्निशन कॉइल.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द सांगतो. वय सत्तावन्न. शिक्षण बी.ए., तेही नोकरी करता करता. मी कविता लिहितो ती मराठीत, घरी बोलतो ती दखनी आणि पोटासाठी जी भाषा शिकलो ती पार्ट नंबरांची. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे मी स्टोअरमध्ये कारकून होतो. माल आला की मोजायचा, बिन कार्डावर चढवायचा, गेला की उतरवायचा. त्यामुळे गाडी कशी चालते हे मला फारसे ठाऊक नसले, तरी माल कसा येतो-जातो हे ठाऊक आहे. या गोष्टीत तेच उपयोगी पडले.

ही मारुती मी २००४ साली जुनी घेतली. मुलगा चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. तो दर महिन्याला सांगतो, "अब्बा, भंगारात द्या हिला." त्याचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नव्याने करायची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली. मी २०२३ मध्ये ती भरली. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती दहा हजार झाली. म्हणजे २०२८ साली मला पुन्हा विचार करावा लागणार. पण सकाळच्या पावसात आमच्या गल्लीत भाड्याची गाडी यायला तयार नसते, नवी गाडी माझ्या आवाक्यात नाही, आणि या गाडीच्या मागच्या सीटवर कुठे हात टेकून उठायचे हे अम्माच्या हाताला पाठ आहे. तेव्हा ठरवले, की दोष शोधायचा.

कॉइल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. डिझेलच्या गाडीला ती नसतेच, त्यामुळे डिझेलवाल्यांनी तोवर चहा टाकायला हरकत नाही. पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. बॅटरी देते बारा व्होल्ट, आणि प्लगच्या टोकावर ठिणगी उडायला लागतात वीस-पंचवीस हजार व्होल्ट. ही मधली उडी कॉइल मारते. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन गुंडाळणी असतात. एकात जाड तारेचे शे-दोनशे वेढे, दुसऱ्यात केसासारख्या तारेचे हजारो वेढे. जाड तारेतून वीज वाहते, गाभ्यात चुंबकत्व साठते. ती वीज एकदम तोडली, की बारीक तारेत हजारो व्होल्टचा धक्का उमटतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली यामागचे तत्त्व दाखवले. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि वीज तोडणारा पॉइंट अशी जोडणी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीत आणली. माझ्या मारुतीत अजून तीच जोडणी आहे.

तिच्यावर काम किती पडते, त्याचा मी एकदा हिशेब केला. माझ्या गाडीला तीन सिलिंडर आहेत. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असेल, तर एकट्या कॉइलला मिनिटाला तीन हजार ठिणग्या द्याव्या लागतात. पुनावळ्याहून चिंचवडला अर्धा तास लागला, तर नव्वद हजार ठिणग्या. अम्माच्या एका खेपेला, फक्त जायला, नव्वद हजार. एवढे झाल्यावर कॉइल थकली तर तिला नावे ठेवता येत नाहीत.

थकलेल्या कॉइलचे एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाडी थंड असताना छान चालते. अर्धा तास धावली, तापली, गर्दीत अडकली, की आधी मिसिंग करते आणि मग बंद पडते. वीस मिनिटे थांबा, थंड होऊ द्या, की पुन्हा सुरू. आतल्या बारीक तारेवरचा लेप उष्णतेने फाटलेला असतो. तार तापून फुगली की वीज मधल्या मध्ये पळते, थंड झाली की पुन्हा रांगेत येते. म्हणूनच गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते आणि आपण खोटे पडतो.

आमच्या मिस्त्रीने पहिला दोष पेट्रोलला दिला. "काका, इथेनॉल आहे हल्ली वीस टक्के. जुन्या गाडीला झेपत नाही." त्या दिवसांत सगळीकडे तीच चर्चा होती. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या इथेनॉलने खराब होतात हे खरे आहे, त्या त्याने बदलल्याही. पण पुढच्या मंगळवारी गाडी पुन्हा बंद पडली. तेव्हा तो स्वतः आला. त्याने बोनेट उघडले, फडके पाण्यात बुडवून पिळले आणि तापलेल्या कॉइलवर ठेवले. पाच मिनिटांत गाडी सुरू. "कॉइल गेली, काका," तो म्हणाला. एवढ्या साध्या युक्तीने निदान झाले. आता फक्त नवी आणायची होती.

श्रोतेहो, खरी गोष्ट इथे सुरू होते.

पहिल्या दुकानात मी म्हटले, "मारुती आठशेची कॉइल द्या." त्याने हात मागे नेला, फळीवरून डबा काढला आणि म्हणाला, "दोनशे ऐंशी." बिल मागितले, तर "एवढ्याशा वस्तूचे काय बिल?" मी पैसे दिले. अठ्ठावीस वर्षे स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाने चलनाशिवाय माल उचलला, आणि का, तर पाऊस होता आणि मला घाई होती. ती कॉइल एकोणीस दिवस चालली. विसाव्या दिवशी अम्मा पुन्हा रस्त्याच्या कडेला गाडीत बसून होती, आणि या वेळी पॉइंटही जळून काळा झालेला होता. दुकानदाराने फळीवरच्या पाटीकडे बोट दाखवले: "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही."

दुसऱ्या दुकानात डबा मोठ्या नावाचा होता. छापील किंमत बरीच जास्त होती, पण मला साडेचारशेत देतो म्हणाला. "ओरिजिनल आहे, डबा बघा ना." मी डबा पाहिला. स्टोअरकीपरच्या सवयीने सहाही बाजू पाहिल्या. बांधीव मालाच्या डब्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे. इथे महिना नव्हता. पत्ता अर्धाच होता. डब्यावरचा पार्ट नंबर आणि आतल्या कॉइलवरचा नंबर यांचा शेवटचा आकडा जुळत नव्हता. मी डबा परत ठेवला आणि बाहेर आलो. दुकानदार मागून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला आणखी काय सोन्याची लावायची का?"

मला राग आला नाही. मला एक जुनी रात्र आठवली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

१९९६ ची गोष्ट आहे. आमच्या कारखान्यात दुचाकींचे स्विच बनत. तपासणीत नापास झालेल्या नगांवर लाल रंगाचा ठिपका पडे. ते प्रेसखाली चेचायचे आणि मगच भंगारवाल्याला द्यायचे, असा नियम होता. एका रात्रपाळीला फाटकाशी टेम्पो उभा होता. अकरा पोती. मी एक उघडून पाहिले, तर नग अख्खेच. मी वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, "प्रेस बंद आहे. सही करा, शेख. उद्याचे उद्या बघू." माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. घरी लहान मूल होते. मी गेटपासवर सही केली.

चार-पाच महिन्यांनी माझा मावसभाऊ नवा स्विच घेऊन घरी आला. पिवळाधमक डबा. "भाईजान, तुम्ही कारखान्यात आहात. बघा बरे, माल चांगला आहे ना?" मी स्विच हातात घेतला. वरून पुसलेला होता, पण खाचेत लाल रंगाची एक रेघ राहून गेली होती. मला ती दिसली. मी म्हटले, "हां, ठीक आहे." दुसरे काही बोललो असतो, तर मला पुढचेही सांगावे लागले असते. एका रात्री मोशीच्या अलीकडे त्याच्या स्कूटरचा दिवा अचानक गेला. नशिबाने त्याला काही झाले नाही. अंधारात चार किलोमीटर स्कूटर ढकलत घरी आला. तो आजही मला भाईजानच म्हणतो.

म्हणून बनावट मालाबद्दल बोलताना मला फार मोठ्या आवाजात बोलता येत नाही. बनावट माल दूर कुठेतरी अंधाऱ्या खोलीत बनतो, अशी आपली समजूत असते. कधी कधी तो चांगल्या कारखान्याच्या फाटकातून, माझ्यासारख्याच्या सहीने बाहेर पडतो.

मुलाला मी विचारले, "बाबा रे, आपण राहतो ते मोटारींच्या माहेरात. पिंपरीत टेल्को उभी राहिली, आकुर्डीत बजाज. १९९८ साली आलेली इंडिका याच पट्ट्यात बनली. २००९ साली फोक्सवॅगन चाकणला आली, मर्सिडीजही पिंपरीहून चाकणला गेली. सुट्या भागांचे कारखाने तर गल्लोगल्ली आहेत. मग एका कॉइलसाठी मला अशी वणवण का?"

तो म्हणाला, "अब्बा, आमचा माल दुकानासाठी बनतच नाही. तो लाइनसाठी बनतो. तासाला ठरलेले नग, ठरलेल्या खोक्यात, थेट गाडीच्या कारखान्यात. जी गाडी आज लाइनवर आहे, तिचाच भाग बनतो. तुमची आठशे जानेवारी २०१४ मध्ये लाइनवरून उतरली. आता तिचे भाग बनतात ते फक्त बाजारासाठी, आणि बाजाराची वाट वेगळी आहे."

ती वाट त्याने मला समजावून सांगितली. ऐकणाऱ्यांनाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सुटा भाग चार प्रकारे मिळतो. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. तो सर्वांत महाग. दुसरा, तो भाग मुळात बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला. अनेकदा वस्तू त्याच घराण्याची असते, नाव वेगळे आणि किंमत कमी. आपल्याकडे विजेच्या भागांची अशी जुनी घराणी आहेत. बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ ची. २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण जुने मिस्त्री अजून मायकोचा प्लग म्हणतात. चेन्नईजवळच्या पाडीची लुकास टीव्हीएस १९६१ ची. तिसरा प्रकार लोकल. छोटा कारखानदार आपल्याच नावाने बनवतो. त्यात चांगले-वाईट दोन्ही असते, पण निदान तो आपले नाव लावतो. चौथा डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याचे नाव चोरून लावलेला. लोकल आणि डुप्लिकेट यांना आपण एकाच तोंडाने शिव्या देतो. तसे करू नये. पहिला गरीब असेल, दुसरा चोर आहे.

पाचवी वाट भंगाराची. तोडलेल्या गाड्यांचे भाग घ्यायला पूर्वी आमचे लोक कुठे कुठे हिंडत. चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची मोठी वस्ती होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामे पाडली. जुन्या गाडीचा दरवाजा, काच, आरसा असा बाजारातून खुशाल घ्यावा. पण कॉइल घेऊ नये. तिने किती लाख ठिणग्या दिल्या आहेत, हे तिच्या तोंडावर लिहिलेले नसते.

शेवटी मी पीएमपीच्या बसने पुण्याला, नाना पेठेत गेलो. सुट्या भागांच्या दुकानांची ती जुनी पेठ. एका अरुंद दुकानात सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. मी म्हटले, "शेठ, मारुती आठशेची कॉइल." त्यांनी हात मागे नेला नाही. चष्मा वर करून विचारले, "जुनी आणलीत का?"

मी पिशवीतून दोन्ही काढून ठेवल्या, मूळची आणि एकोणीस दिवसांची.

"पॉइंटची गाडी की इलेक्ट्रॉनिक?"

"पॉइंटची."

"प्लगच्या वायरी कधी बदलल्या होत्या?"

मला आठवेना.

"कॅप आणि रोटर?"

तेही आठवेना. ते हसले. म्हणाले, "अहो साहेब, मग मी तुम्हाला कॉइल कशी देऊ? ती मारणारा अजून घरातच बसलाय."

मग त्यांनी मीटर काढले आणि मला दाखवले. मूळ कॉइलच्या जाड तारेचा रोध तीन ओहमच्या आसपास होता. एकोणीस दिवसांची कॉइल दीड ओहमची. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. पण दीड ओहमची कॉइल ज्या गाडीत वेगळा रोधक जोडलेला असतो त्या गाडीसाठी असते. माझ्या गाडीत तो नाही. बारा व्होल्टला तीन ओहममधून चार अँपिअर वाहतात, दीड ओहममधून आठ. वीज दुप्पट, उष्णता दुप्पट. म्हणून ती तापून मेली आणि जाता जाता पॉइंटही जाळून गेली. ती वस्तू कदाचित बनावट नव्हतीही. चुकीच्या गाडीत लावलेली खरी वस्तूही घातच करते.

"आणि पहिली?" मी विचारले.

"पहिली वायरींनी मारली. प्लगची वायर आतून तुटलेली असते, किंवा प्लगची फट झिजून वाढलेली असते. ठिणगीला वाट मिळत नाही. मग ती कॉइलच्या आतूनच वाट काढते, रोज थोडी थोडी. लोक कॉइल बदलतात, वायर तीच ठेवतात. सहा महिन्यांनी पुन्हा माझ्याकडे येतात आणि माझ्या मालाला नावे ठेवतात."

त्यांनी मला कॉइल दिली ती सर्वांत महाग नव्हती. दुसऱ्या प्रकारची, बनवणाऱ्या कंपनीच्याच डब्यातली. बरोबर वायरींचा संच, कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर आणि तीन प्लग. सगळे मिळून कॉइलच्या दुपटीहून अधिक झाले. त्यांनी बिल फाडले, त्यावर पार्ट नंबर लिहिले आणि म्हणाले, "मिस्त्रीला सांगा, बसवायच्या आधी बॅटरीची अर्थिंगची वायर घासून घे. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसू नका. पॉइंट जुळलेला राहिला की कॉइल बसल्या बसल्या भाजते."

हे मी तुम्हाला रेडिओवरूनच सांगतो आहे, ही त्यातली गंमत.

ज्यांची गाडी माझ्याइतकी म्हातारी नाही, बारा-पंधरा वर्षांची आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. नंतरच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी छोटी कॉइल असते. तिथे एक गेली तर गाडी बंद पडत नाही, लंगडत चालते आणि समोरचा इंजिनचा दिवा लागतो. मिस्त्री यंत्र लावून सांगतो, दोन नंबरचा सिलिंडर मिस होतो आहे. लगेच कॉइल विकत घेऊ नका. दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर लावा आणि तीनची दोनवर. दोष कॉइलबरोबर तीन नंबरला गेला, तर कॉइल खराब. दोष दोन नंबरलाच राहिला, तर प्लग, वायरिंग किंवा आणखी काही. या तपासणीला खर्च नाही. प्लगच्या खोबणीत तेल उतरले आहे का, इंजिन धुताना पाणी शिरले आहे का, तेही पाहा. तेल गळतच राहिले तर नवी कॉइलही त्यातच जाईल.

आणि ती पाटी. "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही." दुकानदाराची बाजूही मला समजते. लोक कॉइल नेतात, लावून बघतात, दोष दुसराच निघतो आणि मग वापरलेली कॉइल परत आणतात. ते त्याने का सोसावे? पण माल सदोष निघाला तर पाटी कामाची नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे आणि सदोष वस्तू परत न घेणे, या दोन्हींना अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर तीस दिवस धरले जातात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. माझी कॉइल विसाव्या दिवशी गेली होती. म्हणजे दिवस माझ्या बाजूने होते, पण बिल नव्हते. ते न मागण्याची चूक माझी.

आता कुणी मला विचारले, की सुटा भाग कुठून घ्यावा, तर मी दुकानाचे नाव सांगत नाही. एक खूण सांगतो. जो किंमत सांगण्याआधी प्रश्न विचारतो, त्याच्याकडून घ्या. जो विचारेल, जुना भाग आणलात का, गाडी कोणत्या सालची, काय होतंय नेमके, त्याला तुमच्या गाडीशी देणेघेणे आहे. आणि जाताना आपणही जुना भाग, गाडीच्या पुस्तकातला नंबर आणि थोडा वेळ घेऊन जावे. घाईत घेतलेला भाग फार क्वचित बरोबर निघतो.

मिस्त्रीने सगळे भाग एका दुपारी बसवले. जुनी प्लगची वायर त्याने माझ्यासमोर वाकवली, तेव्हा आतून भुशासारखा काळा चुरा गळला. "ही बघा, काका," एवढेच तो म्हणाला. इथेनॉलचा विषय दोघांनीही काढला नाही. एकोणीस दिवसांची ती कॉइल मी टाकून द्यायला निघालो होतो. मग हातोडी घेतली आणि चांगली चेचली, कुणाला पुन्हा विकता येणार नाही अशी. एकोणतीस वर्षांपूर्वी अकरा पोत्यांच्या बाबतीत करायला हवे होते ते काम, एका नगापुरते केले. त्याने जुना हिशेब फिटत नाही, हे मला कळते.

गेल्या महिन्यात मावसभाऊ घरी आला होता. मी त्याला ती रात्र सांगितली. पोती, टेम्पो, सही आणि खाचेतली लाल रेघ. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाईजान, तेव्हाच सांगितले असते तर मी दुसरा स्विच आणला असता." एवढेच. मला वाटले होते तो रागावेल. रागावला असता तर बरे वाटले असते.

त्यानंतर आजवर गाडी भुयारी मार्गात बंद पडलेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही आठला निघतो. अम्मा मागे बसते, त्याच जागी हात टेकते. गर्दीत गाडी थांबली की ती अजून विचारते, "थकी क्या रे?" मी म्हणतो, "नहीं अम्मा, सिग्नल है." तिचे चार तास तिला पुरते मिळतात.